सोललेला अशोक

आप्पा, तुमचा अशोक सोललाय. गुंजीच्या देवराईतला, ओढ्याकाठचा. त्याच्या जातीतले बाकीचे तुम्ही गेल्यावर एकेक करून संपले, साल औषधवाल्यांना विकली गेली. हा तेवढा उरला होता. आता याचाही बुंधा हात पोचेल तिथवर चहूबाजूंनी उघडा आहे. तुम्ही बायकांच्या औषधाला तळहाताएवढी साल काढायचात, एकाच बाजूची, आणि जखमेवर शेणमाती लिंपायचात. आदल्या संध्याकाळी बुडाशी अक्षता ठेवून त्याला सांगायचात, "उद्या येतो. थोडी साल नेतो." मी एकदा विचारलं होतं, "झाड न्हाय म्हणालं तर?" तुम्ही न हसता म्हणालात, "त्याच्यासाठीच रात्रभर वेळ दिलाय की रं त्याला." कधीकधी सकाळी तुम्ही कोयता न उचलताच परत यायचात. कारण सांगायचा नाहीत.

फाल्गुनात आक्काचा फोन आला. "लई फुललंय रं यंदा! पानं दिसंनात. देवी पावली." गावानं झाडाची ओटी भरली. मी बेळगावहून गेलो. वर केशरी झुबके, खाली उघडं लाकूड, त्याला टेकवलेला नारळ. वनखात्याचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "मरताना असंच फुलतंय, सर. एखादं वर्ष काढंल." सुंदर स्त्रीच्या लाथेनं अशोक फुलतो, असं आमचे संस्कृत कवी सांगून गेले. कोयत्यानं जास्त फुलतो, हे वर्गात कसं सांगावं ते मला कळत नाही. तुम्ही म्हणाला असतात, "सांग की. पगार घेतोस न्हवं?" रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली. आक्काकडं भाकरी खाल्ली आणि तिला म्हणालो, "व्हय, देवी पावली."

ज्येष्ठात शेंगा तडकल्या. "बी सुकलं की गेलं, सर, लगेच पेरायला लागतंय," असं वनखात्याच्या त्या माणसानंच कळवलं. या बिया रुजल्या तर रुजल्या. त्यामागं दुसरं झाड नाही. हिंडलग्याला माझ्या घराच्या गच्चीत मातीच्या पिशव्या भरून ठेवल्या आणि गुंजीला गेलो. बुंध्यापाशी उभा राहिलो, बिया वेचल्या, त्याच दिवशी परतलो. पिशव्यांना पाणी घालतो. अजून काही वर आलेलं नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहितो. अक्षता नेल्या होत्या, आप्पा. खिशातून काढल्या नाहीत. मला त्याचं न्हाय ऐकायचं नव्हतं.