रशीदमामांवर फोडलेलं खापर

कारेगाव, मंगळवार, जून २००३

आज रशीदमामांना खरं सांगून टाकलं. तरी मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

काल मी शिकवते त्या क्लासमधला तीन नंबरचा कॉम्प्युटर सुरू केला की सुरुवातीचं चित्र यायचं आणि लगेच स्क्रीन काळी. मामा बसले होते त्यावर. वय पन्नाशीचं, कंपनीत फिटर, साहेबांनी कॉम्प्युटर शिकायला पाठवलेले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, नको ते काहीतरी दाबलंत तुम्ही."

"आसंल मॅडम. माझाच हात लागला आसंल," म्हणाले आणि तासभर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

आज दुपारी मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्याच प्रोग्रामवर, उघडली. डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्राम, भलत्याच कार्डाचा निघाला. शनिवारी क्लास बंद करता करता मीच टाकला होता, मैत्रिणीच्या सीडीवरून, रंग चांगले दिसावेत म्हणून, आणि न तपासता निघाले होते. विसरले कशी? की आठवायचंच नव्हतं? तो काढून मूळ सीडीतला टाकला, तर सगळं नीट. पण मामांचे ते मांडीवरचे हात डोळ्यांपुढून हलेनात.

संध्याकाळच्या बॅचला सगळ्यांसमोरच सांगितलं, "मामा, चूक माझी होती. ड्रायव्हर मीच चुकीचा टाकला होता."

वाटलं, रागावतील. त्यांनी वही उघडली.

"ड्रायव्हर म्हंजी काय, मॅडम? आन् काढला कसा? दावा की."

मी सांगत गेले, त्यांनी एकेक पायरी वहीत उतरवली. मग मी तोच चुकीचा ड्रायव्हर मुद्दाम परत टाकून मशीन सुरू केली. स्क्रीन काळी झाली, तशी मामांनी खुर्ची पुढं ओढली.

"आता तुमी सरका."

वीसेक मिनिटं लागली, पण चित्र त्यांनी स्वतः परत आणलं.