डाळिंबांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यास तीट लावल्याबाबत

प्रति,
मा. छायानिरीक्षण अधिकारी (फळबाग),
विभागीय कक्ष, सातारा.

विषय : डाळिंबबाग उपटण्याचा आदेश रद्द करून मातोश्रींची समजूत घालणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस व त्यानंतरचे पत्र (दोन्ही मोबाईलवर आली).

महोदय,

अर्जदार बिराप्पा सिदा गावडे, राहणार माळवस्ती, जि. सांगली, सविनय कळवितो की, फोटोवरून झाडांची तब्येत ओळखणारा आपला कॅमेरा गणपतीनंतर त्याच्या बागेत खांबावर बसला. मेंढरांमागे फिरलेल्या घरातली ही पहिलीच बाग. झाडे ३१२. मातोश्री सुलाबाई यांनी दुष्काळात डोक्यावर घागरी वाहून ती जगवली आहेत.

२. कॅमेरा दिवसभर पापणी न लवता फळांकडे बघतो, हे मातोश्रींना सोसवले नाही. "आवं, लेकराकडं कुणी असं टक लावून बघितलं तर आपण गप बसतो व्हय?" असे म्हणून त्यांनी शिडी लावली आणि कॅमेऱ्याच्या काचेलाच काजळाची तीट लावली.

३. त्या दिवसापासून प्रत्येक फोटोत काळा डाग आला. फळांवर डाग पाडणारा तेल्या रोग तो हाच, असे ठरवून आपण बाग उपटण्याची नोटीस काढली. वास्तविक त्याच फोटोंत शेळीला, विहिरीला आणि पाहणीस आलेले आपले सहायक बाळासो यांच्या कपाळालाही तेल्या झालेला दिसतो. बाळासो अद्याप धडधाकट आहेत.

४. अर्जदाराने काच पुसली. फोटो लख्ख आले. त्यावर आपले पत्र आले, की एका रात्रीत तेल्या बरा करणाऱ्या औषधाचे बिल सादर करावे, अन्यथा सोमवारी जेसीबी येईल. अर्जदाराने कपाळावर हात मारून घेतला. घरी दिव्यावर धरलेल्या काजळाचे बिल कोण देणार?

५. जेसीबीचे ऐकून मातोश्री हबकल्या. "लागलीच की गं बया नजर!" म्हणून सकाळपासून त्या एकेका फळाला वेगळी तीट लावत आहेत. अर्जदाराने पाया पडून पाहिले. न्हाई म्हंजे न्हाई. आतापर्यंत एकेचाळीस झाडे झाली. काच मात्र स्वच्छ आहे, आणि पुढचा फोटो सायंकाळी पाचला निघतो.

तरी साहेबांनी पाचच्या आत जातीने येऊन एक तरी फळ बोटाने पुसून बघावे. बाग गेली तर आई राहायची नाही, साहेब.

आपल्या वाटेकडे डोळे लावून,
बिराप्पा सिदा गावडे
दि. २२ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२.४०
(बाळासोंच्या मोबाईलवरून)

सोबत : बाळासोंचा डाग असलेला फोटो.
काजळाची डबी जोडता आली नाही. ती वापरात आहे.