दोन इंजिनं आणि काकासाहेब

तर दाजी, दुसरं इंजिन म्हणजे फुकटचा खर्चा, हे तुमचं म्हणणं मला बिलकुल पटलेलं न्हाई. (रामराम. वंदनाक्काचा गुडघा कसा आहे? मी इथं बरा आहे.) फोनवर तुम्ही ऐन मुद्द्याला ‘रेंज न्हाई’ म्हणता, म्हणून लिहून राह्यलो, कागदाची रेंज जात न्हाई. एक चालू असल्यावर दुसरं कशाला, म्हणता. मंग औताला दोन बैल कशाला जुंपता?

तुम्ही, टेंभुर्णीचा मंडपवाला भुजंग, तीर्थपुरीचे मोसंबीवाले काकासाहेब अन् मी, चौघांत जुनं विमान घ्यायचं, जालन्याच्या धावपट्टीवर ठेवायचं, लग्नात वरून फुलं टाकायची अन् राखणीला मी गावाकडं यायचं, असं ठरलं. निवडायचं माझ्यावर आलं, कारण चौघांत विमानाला हात लावलेला मीच (फडक्यानं का होईना). इथं सेलमला उड्डाणाच्या शाळेत विमानं पुसून तीन वर्षं झाली. रोज कुणीतरी वर जातं अन् मी बादली घेऊन खाली. जीव लागत न्हाई. ठेकेदाराला सांगून टाकलं, दिवाळीनंतर दुसरा माणूस बघा. म्हणजे आता विमान झालं न्हाई तर मी इथलाही न्हाई अन् तिथलाही न्हाई.

दोन पाहिली. पांढऱ्याचा मालक म्हणला, चार वर्षं उडालंच न्हाई, नव्यासारखं आहे. चार वर्षं गोठ्यात बसलेला बैल नवा म्हणून कुणी घेतं का? डाव्या इंजिनात चिमणीनं घरटं केल्तं. मी काढाया गेल्तो तर म्हणला, राहू द्या, शुभ असतं. निळं चालतं आहे, इंजिनाचे सतराशे तास झालेत. (त्यावर तुम्ही फोनवर म्हणले, एवढी तासं तर माझी जोडी एका हंगामात घालती. दाजी, हे नांगराचे न्हाईत, घड्याळाचे.)

तर निळंच. पण त्याचा पायलट म्हणतो, टाकी भरली की माणसं वजन करून बसवावी लागतात. तो, तुम्ही, भुजंग अन् मी बसलो की बराबर शंभर किलो उरतात. अन् काकासाहेब बाकी राहतात. निम्म्यावर पैसा त्यांचा, अन् अट एकच, पहिल्या फेरीला पुढं बसायचं. वजन विचारायची सोय न्हाई. मागं डॉक्टर ‘काट्यावर चढा’ म्हणले, तर ह्यांनी डॉक्टर बदलला. रुसले तर विमान गेलं. न रुसता बसले तर काय, ते मी लिहीत न्हाई.

तुमचा,
अंगद

ता. क. नोकरीचं वंदनाक्काला इतक्यात बोलू नका.

आणखी ता. क. खरं काम राह्यलंच. पुढच्या महिन्यात काकासाहेबांचा वाढदिवस आहे. त्यांची गूळतुला करा. मंडप भुजंगचा, तराजू मोंढ्यातला पोती तोलायचा, हार, बँड, फोटो. खुशीनं आपल्या पायानं चढतील. तुम्ही फक्त ढेपा मोजा अन् जल्दी कळवा. (हार काढून बसवा, जोडे पण.) शंभराच्या वर गेले तर तिथंच माईकवर जाहीर करायचं, की पहिल्या फेरीला खालून झेंडा दाखवायचा मान काकासाहेबांचा.

विमानातला माझा हिस्सा मागून बघू. सध्या गुळातला पाठवून राह्यलो, साडेतीनशे रुपये.