लाल गठ्ठ्यातली तलवार

जानेवारीतला रविवार, अमरावती. सकाळी नळाला पाणी आलं ते भरलं. बाजारातून तुरीच्या शेंगा आणल्या, त्या दुपारी गॅलरीत उन्हात बसून सोलल्या. कुणी आलं नाही, मी कुठे गेले नाही. चार वाजता तुमच्या हातचे तिन्ही गठ्ठे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले, आणि आता हे लिहायला बसले आहे.

बाबा, तुम्ही मला फसवलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला हे आज कळलं.

दिवाळीनंतर मी एक खेळ विकत घेतला. पेटीत नकाशा, पत्ते, फासे, राक्षसांच्या लहान बाहुल्या. एकट्यानंच खेळायचा, समोर कुणी लागत नाही. राक्षस कधी काय करणार हे पत्त्यांवर लिहिलेलं असतं. तुम्हाला आवडला असता. सुरू करण्याआधी काठिण्य ठरवायचं असतं: सोपं, साधारण, कठीण, फार कठीण. पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की पहिल्या वेळी साधारण घ्या. मी फार कठीण घेतलं. विचारसुद्धा केला नाही, कारण लहानपणापासून मी तेच घेत आले. सहा रविवार खेळले आणि सहाही रविवार हरले, तेही सुरुवातीच्याच दालनांत. प्रयोगशाळेत दिवसभर मातीच्या नमुन्यांचे आकडे लिहिते, आकड्यांत मी चुकत नाही. मग बाराव्या वर्षी जे जमत होतं ते आता का जमू नये, हे कळेना. म्हणून तुमचे जुने पत्ते ठेवलेला मिठाईचा डबा माळ्यावरून काढला.

सातवीत मला कावीळ झाली होती. दोन महिने शाळा बंद. अकोल्याच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी माझी गादी टाकलेली, आईला चुलीपासून नजर ठेवता यावी म्हणून. बिनतेलाचं वरण, ताक-भात, लाह्या. तुमच्या प्रेसमध्ये रद्दी यायची. त्यात तुम्हाला अशाच एका खेळाची इंग्रजी पुस्तिका सापडली, अर्धी फाटलेली. डिक्शनरी घेऊन तुम्ही ती वाचली आणि उरलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर माझ्यासाठी किल्ला केला. नरनाळ्यासारखाच, बारा दालनांचा. प्रत्येक दालनाचा एक पत्ता, त्यावर आत कोण आहे ते चित्र आणि त्याचं बळ. माझं बळ चार. फासा टाकायचा, पडेल तो आकडा चारात मिळवायचा, आणि बेरीज त्याच्या बळाइतकी किंवा जास्त झाली की तो मेला. नाही झाली तर माझा एक जीव गेला. जीव पाच, म्हणजे पाच चिंचोके. आणि गठ्ठे तीन: पिवळा, गुलाबी, लाल.

तुम्ही पायरीवर बसला आहात, बोटांना शाई आहे. तुम्ही म्हणता, "पिवळा लेकराईचा, गुलाबी मोठ्याईचा."

"अन् लाल?"

"लाल अजून कोनाले जमलाच नाही."

"मले लाल पाह्यजे."

"पाहाय बरं. एकदा घेतला का मधात बदलता येत नाही. अन् रडाचंबी नाही."

तिसऱ्या दालनात लोखंडी सुळ्यांच्या रानडुकरानं माझा पाचवा चिंचोका घेतला. मी रडले नाही, पण जेवलेही नाही. भिंतीकडे तोंड करून पडले. आई तुमच्यावर कडाडली, "कावीळ झालेल्या पोरीले उपाशी ठेवता काय त्या डुकरापायी? आग लावा तुमच्या किल्ल्याले." दुसऱ्या दिवशी प्रेसमधून आलात ते खिशातून एक पत्ता काढतच. त्यावर तलवार होती आणि लिहिलं होतं, बळात चार मिळवा. "काल कापताना हे एक पान मशीनखाली राह्यलं होतं," तुम्ही म्हणालात. "तूच सांग, तलवारीबिगर कोनी किल्ल्यात जाते काय?" मी त्याच दुपारी लाल किल्ला जिंकला. मग रोज जिंकत गेले. पिवळा मला बाळबोध वाटायचा आणि गुलाबी तर मी एकदाही उघडला नाही. मधलं कशाला घ्यायचं?

आज तिन्ही गठ्ठे ओळीनं लावले. पिवळ्यात घुबड, बळ चार. लालमध्ये आग ओकणारं घुबड, बळ आठ. पिवळ्यात कोल्हा पाच, लालमध्ये दोन तोंडांचा कोल्हा नऊ. रानडुक्कर सहा, लोखंडी सुळ्यांचं दहा. बाराही दालनं तपासली. सगळीकडे बरोबर चार जास्त, आणि तलवारीचेही बरोबर चार. म्हणजे तलवार हातात आल्यापासून मी पिवळाच गठ्ठा खेळत होते, फक्त चित्रं भयंकर होती. फासा कसाही पडो, घुबड आणि कोल्हा मरणारच होते. तलवारीचा पत्ता उजेडात धरून पाहिला. बाकीचे लाल पत्ते एका जाड पत्रिकेचे आहेत, हा पातळ आहे आणि मागच्या बाजूला दुसऱ्याच कुणाचा तरी मुहूर्त आहे. मशीनखाली काही राहिलं नव्हतं. तुम्ही तो नंतर केला. लाल गठ्ठा एकच दिवस लाल होता, आणि त्या दिवशी मी हरले. गुलाबीत मात्र दोन जास्त आहेत आणि हत्यार काहीच नाही. तिघांत खरा कठीण तोच होता, ज्याला मी कधी हात लावला नाही.

तुम्ही एवढ्यावर थांबला असतात तर मी आज हसले असते. आजारी मुलीसाठी बाप असं करतो. पण तुम्ही ते बाहेर सांगत फिरलात. "आमची पोरगी लालच खेयते, तिले काई जड जात नाही," हे प्रेसमध्ये सांगितलं, शेजारी सांगितलं. बारावीनंतर मामा म्हणाले, "अमरावतीले एकटी राहीन काय ते?" तर तुम्ही म्हणालात, "लाल गठ्ठ्यातली आहे ते." मी दाराआड ऐकत होते. बॅग भरताना, होस्टेलच्या पहिल्या रात्री, पहिल्या सेमिस्टरला नापास झाले तेव्हाही, मी ते वाक्य मनात धरून बसले होते. तुम्हाला ठाऊक होतं ते खोटं आहे. मला ठाऊक नव्हतं.

आणि शेवटचं वर्ष. तुमच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, तीन आठवडे तुम्ही अकोल्यात दवाखान्यात होता, आणि इथे मी पेपर देत होते. मामा घ्यायला आले तेव्हा चौथा पेपर झाला होता. वाटेत मूर्तिजापूरला त्यांनी सगळं सांगितलं. मी पोचले तेव्हा तुमचे डोळे उघडे होते पण तुम्ही मला ओळखलं नाही. दोन दिवसांनी गेलात. तेराव्यानंतर आईला विचारलं, मले काहून नाही सांगितलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्या बाबानंच सांगतलं होतं. पेपर होईस्तोर पोरीले काही कळू देऊ नका म्हने. तिले झेपनार नाही."

बावीस वर्षं मी त्या वाक्यावरून स्वतःची समजूत घालत आले. आजारी माणूस काहीही बोलतो, आई चुकीचं ऐकून आली असेल. मनातून तुम्हाला माहीत होतं की मला झेपतं, तुम्हीच मला लाल गठ्ठा दिला होता. माझ्याकडे एवढा एकच पुरावा होता. तो आज टेबलावर पडला आहे. मी बारा वर्षांची असताना तुम्ही एकदा मला हरताना पाहिलं आणि तिथेच ठरवलंत. मला दुसऱ्यांदा हरू दिलं असतं तर काय झालं असतं? तिसऱ्यांदा कदाचित जिंकले असते. तुमच्याजवळ बसायला मिळाले असते ते तीन आठवडे मी रडून काढले असते, पण ते माझे असते.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तर राहिलेलंही लिहिते. त्याच तीन आठवड्यांत एका रविवारी तुमचा होस्टेलवर फोन आला होता. "प्रेसमधून बोलून राहिलो," तुम्ही म्हणालात. "लगनसराई आहे, सवड नाही. तू अभ्यास कर." तुम्ही जेव्हा जेव्हा प्रेसमधून फोन केला, तेव्हा मागे मशीनची खटखट असायची. तुम्ही ओरडून बोलायचात, मी कान दाबून ऐकायचे. त्या दिवशी तुम्ही हळू बोललात आणि मला सगळं नीट ऐकू आलं. मागे मशीन वाजत नव्हतं. ते मला त्याच वेळी कळलं होतं, बाबा. मी विचारलं नाही. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवून खोलीवर गेले, दुसऱ्या दिवशी पेपर होता.

आता पावणेसहा झालेत. लिहिणं थांबवून मघाशी गुलाबी गठ्ठा उघडला. चिंचोके घरात नव्हते, म्हणून दुपारी सोललेल्या तुरीचे पाच सोले घेतले. नवव्या दालनात पाचवा गेला. पत्ते होते तसे दोऱ्यानं बांधले, पाचही सोले बाकीच्यांत टाकले, आणि भाजी फोडणीला टाकायला उठते आहे.