आईचा जीव आधी

८ नोव्हेंबर, शुक्रवार

हनू सकाळी अकराला कागलहून आली. एकटी, स्कूटरवरून. फोनही केला नव्हता. मी शब्बाथच्या शरबतासाठी काळ्या मनुका भिजत घालत होते. दारातूनच म्हणाली, "आई, बारा आठवडे झाले."

हात तसाच पाण्यात राहिला.

बारा. म्हणजे परवा फराळाचा डबा घेऊन आली तेव्हाही तिला ठाऊक होतं.

लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची झडप आखडली. एकोणीस वर्षांची असताना मुंबईला नेऊन फुगा घालून उघडली. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, पुढे मुलाचा विचार कराल तर आधी आमच्याकडे या. ती गेली नाही. मीही कधी विषय काढला नाही. काढला असता तर…

"आक्कांना सांगितलंस?"

"बाळाचं सांगितलंय."

झडपेचं नाही. लग्नाच्या वेळी सासूला झडपेचं सांगू नको म्हणणारी मीच. जावयाला, अभयला, माहीत आहे, त्याच्या आईला नाही. ज्यू घरातली मुलगी सून म्हणून येणार, एवढंच त्या जैन बाईला पचवायला पुष्कळ होतं. वर आजार कशाला, असा माझा शहाणपणा.

संध्याकाळी दिवा लावला. आशीर्वाद म्हणताना मधले शब्द आठवेनात.

१२ नोव्हें., मंगळ.

राजारामपुरीत डॉक्टरीणबाईंकडे. काउंटरवरच्या बाईने धर्म विचारला. ज्यू म्हटलं, तिने जैन लिहिलं. दुरुस्त करायला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे ख्रिश्चनच न्हवं?" ह्यांची फाउंड्रीतली नोकरी लागली म्हणून इथे आलो त्याला तीस वर्षं झाली. अजून तेच. आज पुढे बोलायचं त्राण नव्हतं.

इको झाला. झडप पुन्हा आवळलीय. डॉक्टरीणबाई सरळ बोलतात. "आत्ता तुम्हाला बरं वाटतंय, ते खरं आहे. पण दिवस भरत जातील तसं अंगातलं रक्त वाढतं. सातव्या महिन्याच्या पुढे हे हृदय ते पेलेल असं मला वाटत नाही."

हनूने विचारलं, "वाटत नाही, म्हणजे नक्की नाही ना?"

"नक्की कुणीच सांगणार नाही. माझी बहीण असती तर मी तिला थांब, मोकळी हो म्हटलं असतं. आणि थांबायचं तर वीस आठवड्यांच्या आत ठरवा. पुढे कागदही वाढतात, धोकाही."

मी मूर्खासारखं विचारलं, सही मी केली तर? बाई म्हणाल्या, सही फक्त हिची. नवऱ्याचीही लागत नाही.

परतताना रिक्षात हनू खिडकीकडे तोंड करून बसली. मी चाळीस वर्षं गणित शिकवलं. ह्या गणितात माझ्या हातात काहीच नाही.

१६ नोव्हें., शनि.

शब्बाथ उतरल्यावर शलोमभाऊजींना फोन. ह्यांचे चुलतभाऊ, चौऱ्याऐंशीचे, अलिबागकडे असतात. आयुष्यभर मशिदीत, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थना चालवली. आमच्यात आता असं विचारायला दुसरं कोण उरलंय.

मला वाटलं होतं रागावतील. पोटातलं मूल पाडायचं म्हणजे पाप, हेच मी धरून चालले होते. लहानपणी कुणी सांगितलं होतं असंही नाही. आजूबाजूला सगळे तसं म्हणायचे, मग आपलंही तेच असणार.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "आईचा जीव आधी. मूल बाहेर येईपर्यंत ते तिच्या देहाचा भाग. डोकं बाहेर आलं की दोन जीव सारखे झाले, मग एकासाठी दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्याआधी आईवर संकट आलं, तर तिला वाचवायचं. ही सूट नाही, मिल्का. कर्तव्य आहे."

"सगळे रब्बी असंच म्हणतात?"

"संकट कशाला म्हणायचं यावर भांडतात. कुणी म्हणतात पहिले चाळीस दिवस गर्भ म्हणजे नुसतं पाणी. कुणी फार कडक, अगदी जिवावर बेतलं तरच. पण आई आधी, यावर भांडण नाही."

सगळं कागदावर उतरवून घेतलं. हातात हत्यार आल्यासारखं वाटलं. आनंद झाला. तेव्हा त्याची लाज वाटली नाही, आता लिहिताना वाटतेय.

२१ नोव्हें., गुरु.

हनू आता इथेच राहायला आलीय, बावड्यात. दवाखाना जवळ. आक्कांना सांगितलं, कॉलेजात शिकवायला जायला सोपं पडतं.

तिला कागद वाचून दाखवला. तिने पुरता ऐकला. म्हणाली, "छान. तुला परवानगी मिळाली. मी मागितली नव्हती."

मी म्हटलं, परवानगी नाही, कर्तव्य आहे असं काका म्हणतात.

मग तिने पप्पांचं काढलं. ह्यांच्या शेवटच्या वर्षी, दारफळणीच्या, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाला. डॉक्टर म्हणत होते एक दिवस उपास झेपेल, हे म्हणाले झेपत नाही. भाऊजींनी फोनवर सांगितलं होतं, शंभर डॉक्टर एका बाजूला असले तरी रोग्याचं ऐका, त्याचं त्याला कळतं. आणि ह्यांना पेज दिली. "मग पप्पांचं ऐकायचं आणि माझं नाही? माझं मला कळत नाही?"

मी भांडी घासायला उठले.

२४ नोव्हें., रवि.

भाऊजींना तिचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, "पोरगी बापासारखी आहे. पण तिने अर्धंच सांगितलं. रोगी म्हणाला मला खायला हवं, तर त्याचं ऐकायचं. रोगी म्हणाला नको आणि डॉक्टर म्हणाले हवं, तर डॉक्टरांचं ऐकायचं. नियम दोन्हीकडून जिवाकडेच झुकतो."

हनूला सांगितलं. ती म्हणाली, "कुणाच्या जिवाकडे, ते विचार त्यांना."

विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे, तिलाही.

३ डिसें., मंगळ.

आक्का आल्या, अभयबरोबर. डिंकाचे लाडू, दोन झबली. झबली आत्तापासून. आमच्यात इतक्या आधी बाळाचं काही घरात आणत नाहीत. त्यांना कसं सांगू, घेतली आणि कपाटात वर टाकली.

हनू कॉलेजात होती. अभयने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग मीच सुरुवात केली, डॉक्टर म्हणतात बाळ ठेवू नये.

आक्का ताठ झाल्या. "जीव हाय त्यो. कांदा खाईत न्हाय आमी जीव मरतो म्हणून, आन तुमी…"

"आई, तिच्या हृदयात दोष हाय," अभय म्हणाला. "ल्हानपणापासनं. आमी तुला सांगिटलं न्हाय."

त्या कितीतरी वेळ लाडवाच्या डब्याचं झाकण दाबत बसल्या. मला वाटलं आता उठतील आणि जातील. फसवलं तुम्ही, म्हणतील. म्हणायलाच हवं होतं.

"चार वरसं झाली लगीन होऊन," त्या म्हणाल्या. "दर सणाला मी तिला इचारलो, कवा देणार म्हणून. लोकांच्या देखत इचारलो. मला कुणीतरी सांगायचं हुतं की. मी एक सबूद बोललो नसतो."

मग पदर तोंडाला लावला. निघताना एवढंच म्हणाल्या, "मी पाडा म्हणणार न्हाय, विहीणबाई. माझ्या तोंडातनं त्यो शब्द येनार न्हाय. पर तिनं ठरवलं तर मी तिच्याकडं वाकड्या नजरंनं बघणार न्हाय."

हनूने माझ्यापेक्षा आक्कांना आधी का सांगितलं, ते आज कळलं.

११ डिसें., बुध.

लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना हनू दोनदा थांबली. दुसऱ्यांदा जिन्यातच बसली. वर आल्यावर पाणी मागितलं, घोट घ्यायला तोंड उघडलं आणि घेता येईना. श्वासच पुरेना.

सतरा आठवडे.

खाली साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. रिक्षा पाऊण तास त्यातच. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मावशी, ताईंचा रंग बरा दिसंना." मला दिसत होता.

दवाखान्यात इंजेक्शन, लघवीच्या गोळ्या. आता तीन उशा लावून बसल्या बसल्याच झोपते.

१८ डिसें., बुध.

बाईंबरोबर आज हृदयाचे डॉक्टरही होते. दोन रस्ते सांगितले. एक, आत्ता मोकळं करायचं. दुसरा, काही दिवसांनी पुन्हा फुगा घालून झडप उघडायची, क्ष-किरण लागतात म्हणून पोटावर शिशाचा पडदा घालून. उघडली तर वेळ मिळेल. नाही उघडली, किंवा फाटली, तर दोघंही.

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मी म्हटलं पहिला. अभयने हनूकडे बघितलं. हनूने विचारलं, "फुगा बसला नाही, तर त्यानंतरही मोकळं करता येईल?" येईल, पण आत्ताइतकं सोपं नाही. तिने मान हलवली, जणू भाजीचा भाव विचारला होता.

२७ डिसें., शुक्र.

हनुक्का, आमचा दिव्यांचा सण. तिसरी वात आणि शब्बाथचा दिवा. हनूने बसूनच लावल्या.

शब्बाथच्या आधीच, दुपारी, तिने स्वतः भाऊजींना फोन लावला. स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून. सगळं सांगितलं, दोन्ही रस्ते. भाऊजी म्हणाले, "बाळा, मला विचारशील तर मी पहिला सांगेन. मी कडक माणूस नाही, तरी हेच सांगेन."

"मी पहिला घेतला तर तुम्ही मला दोष देणार नाही?"

"नाही."

"आणि दुसरा घेतला तर?"

त्यांच्या मागे समुद्राचा वारा ऐकू येत होता. "तर मी रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करीन," ते म्हणाले. "चूक केलीस असं म्हणणार नाही. भीती वाटते असं म्हणेन."

फोन ठेवला. मी विचारलं, आक्कांसाठी करतेस का. नाही म्हणाली. अभयसाठी? नाही. "आई, तुम्ही दोघांनी मला सगळ्याला नको म्हणायलाच शिकवलंत. पोहायला नको, सहलीला नको, पळू नको. बरोबरच होतं ते. पण हे एक मी हो म्हटलंय. मला मरायचं नाहीये. फुगा बसला नाही तर मोकळं करायच्या कागदावरही सही करीन. तीही मीच."

दुसरा रस्ता. ठरलं तिचं.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. रागच आला, खरं सांगायचं तर. मी बत्तीस वर्षं जिला जपलं तिला तीच पणाला लावतेय, आणि मला विचारतही नाही.

७ जाने., मंगळ.

झालं. दीड तास. बाहेर बाकावर मी, अभय, आक्का. आक्का माळ ओढत होत्या, मी जे आठवेल ते स्तोत्र म्हणत होते. दोघींना एकमेकींचं कळत नव्हतं. त्यांनी मध्येच माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

डॉक्टर बाहेर आले. "उघडली. हवी होती तेवढी नाही. थोडी गळतीही आहे." बाळाचे ठोके ठीक.

हे चांगलं की वाईट, मी विचारलं. ते म्हणाले, बघू.

२७ जाने., सोम.

चोवीस आठवडे. बाई म्हणाल्या, आता पुढेच जायचं. दर आठवड्याला यायचं. आणि खोकला लागला, थुंकी गुलाबी दिसली, तर फोन करत बसू नका, थेट या.

हनू हसत बाहेर आली. जिना आता एका दमात चढते. मला बरं वाटायला हवं होतं. बाईंनी निरोप देताना तिच्याकडे बघितलं नाही, फाइलकडे बघितलं.

९ फेब्रु., रवि.

स. पावणेसात. अभय काल इथेच राहिला.

जाग आली ती बाथरूममधल्या नळाने. नळ पुरा सोडलेला. त्याच्या आवाजाखाली खोकला. थांबून थांबून, दाबलेला.

बाहेर आली. मी विचारलं. "काही नाही गं. चहा घशात गेला."

चहा मी अजून केलाच नव्हता.

आत जाऊन बघितलं. बेसिन धुऊन लख्ख. टॉवेल जाग्यावर नाही. धुवायच्या कपड्यांतही नाही.

आता खाटेवर बसलीय, पोटावर हात ठेवून, बाळाच्या हालचाली मोजतेय. ओठ निळसर वाटतात. खिडकीतल्या उजेडाने असेल. नसेल.

सही तिची होती, ते मी मान्य केलं. तिने माझ्यापासून लपवायचं, हे मी कुठेच मान्य केलेलं नाही. भाऊजींना विचारायला वेळ नाही. विचारायचंही नाही.

अभयला उठवलं, तो गाडी काढायला खाली गेलाय. पिशवी भरली, फाइल घेतली. दवाखान्यात कळवलं.

तिला अजून सांगितलेलं नाही. हॉर्न वाजला. आता जाऊन म्हणायचं, शाल घे.