दिवाळसणाचा रिकामा पाट

न्यू जर्सी, १० डिसेंबर १९९३

प्रिय मंजुळा,

पहिल्या दिवाळसणाला तुझ्या अण्णांनी मोहन्याच्या घरी माझा पाट मांडून रिकामाच ठेवला, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

इथे ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोचा व्हिसाचा नंबर यायला चार वर्षं लागतात. तोवर तुझ्याजवळ तिकडे राहायचं तर हे कार्ड टिकत नाही, म्हणून मी ते परत करून येतोय. बाबा इथले नागरिक झाले, की आपल्या दोघांचा अर्ज एकत्रच करू.

बाबा ओरडले, "कॉलेज सोडलंस, आता हेही सोड! पुन्हा माझ्याकडे सही मागायला येऊ नकोस."

"नाही येणार," म्हटलं मी. आपल्या अर्जावर सही त्यांचीच लागणार, ठाऊक आहे. तू घाबरू नकोस, निवळतील ते.

तुझा खोकला कसाय?

बाबा दाराशीच बसलेत. कार्ड आणि हे पत्र खिशात घालून त्यांच्यासमोरून निघतो, दार ओढून घेतो.

तुझाच,
मुकुंद