खोकं कोण साफ करतंय

१३ जाने., सोम.
सायलीने सहा पिल्लं आणून टाकली. कोंबडीची. लालबागच्या फुटपाथवरून लेकीसाठी घेतलेली, गुलाबी-हिरवी रंगवलेली. ज्याने रंगवली त्याला त्याच बादलीत बुडवायला हवं. ठाण्याला सोसायटीवाले कुरकुरतात, म्हणून माझ्या गळ्यात. "आत्या, तुझाही वेळ जाईल." माझा वेळ काय हिच्या दारात रडत बसला होता?
खरं कारण मला ठाऊक आहे. दोनदा गॅस चालू राहिला तेव्हापासून ही माझी परीक्षा घेतेय. रविवारी येऊन बघणार. पिल्लं सांभाळता आली नाहीत तर परळची खोली बंद आणि मी ठाण्याला. म्हणून आता सगळं लिहून ठेवायचं.
टीव्हीचं खोकं, वर साठचा पिवळा बल्ब. मिळता मिळेना. दुकानदार म्हणे, "आजी, आता एलईडीच न्या." पिल्लांना ऊब हवी रे बाबा, अभ्यास करायचा नाहीये त्यांना.

१५, बुध.
तळाला वर्तमानपत्र घातलं होतं. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात. शिवाय वास. सुताराकडून जाड भुसा आणला. पाण्याच्या झाकणात खडे घातले, बुडू नयेत म्हणून. गुलाबी सगळ्यात लहान, तिच्या ढुंगणाला शी सुकून चिकटलेली. कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवली. घरातलं असलं सगळं वहिनी करायची. दादा गेल्यावर आम्ही दोघीच. आता तिलाही वर्ष होईल. सायली तिचीच मुलगी, पण हात काही तिचा नाही.

१६, गुरु.
स. मैदानावर फेरी मारून आले. खोकं स्वच्छ. भुसा नवा, पाणी ताजं. निघताना घाण होती, आल्यावर करू म्हटलं होतं. की करून गेले होते?
किल्ली एकच. पर्समध्ये.

१७, शुक्र.
आज मुद्दाम घाण तशीच ठेवली. भुशाची पिशवी गाठ मारून कपाटात, कुलूप. ७.१० ला निघाले, ७.५५ ला परत. खोकं स्वच्छ. पिशवीची गाठ तशीच.
तळाला भुसा नाही, फडकं. जुनं, सुती, निळ्या पातळाचं. चौपदरी, कडा आत मुडपलेल्या. वहिनीची पातळं मी तेराव्याच्या आत वाटून टाकली. एक ठेवलं नाही.
पिल्लं ओरडत नव्हती. सहाही जणी माना वर करून एकीकडे बघत होत्या. तिकडे नुसती भिंत आहे.

१८, शनि.
शेजारच्या राणेकाकी जिन्यात भेटल्या. गणपतीनंतर राहायला आल्यात, अजून चौकशा संपत नाहीत. "सकाळी कोण पावणी इली हुती? पिल्लांशी बोलत होती. 'सरा गे बायांनू, माका साफ करूक दिया.' आमच्याच गावची वाटली."
रेडिओ असेल, म्हटलं.
"रेडिओ खोकता?"
मालवणी माझ्या तोंडात शाळेतल्या सिस्टरांनी टिकू दिली नाही. वहिनीच्या तोंडात दुसरं काही नव्हतं. शेवटची दोन वर्षं खोकलाही. राणेकाकींनी तिला पाहिलेलं नाही.

१९, रवि.
सायली आली. खोक्यात वाकून वास घेतला, कस्टमवाल्यासारखा. "काहीच वास नाही गं. कसं जमवतेस?"
"मीच करते. रोज. मला काय धाड भरलीय?"
ती फडक्याकडे बघत राहिली. "आईसारखी घडी घालतेस."
"घडी घडीसारखीच असते."
ठाण्याचा विषय बंद. "तू इथेच राहा, आत्या." जिंकले.
जेवण मात्र गेलं नाही. पाहुणे म्हणायचे, ऑफिस सांभाळून घर काय छान ठेवता हो तुम्ही. मी हसून मान हलवायची. आत वहिनी चहा गाळत असायची. दार उघडंच असायचं.

२०, सोम.
फेरीहून आले. घाण तशीच. फडकं नाही. मी काढलं नाही. नाहीच काढलं. पिल्लं नुसत्या पुठ्ठ्यावर, गुलाबी पाय फाकून पडलेली. मी साफ केलं, भुसा घातला. माझ्या हाताखालून सगळ्या पळाल्या.

२१, मंगळ.
तसंच. गुलाबी खात नाही, पाणीही नाही. चोच पाण्यात बुडवली तरी मिटलेलीच. राणेकाकी दारातून: "पावणी गेली वाटता?"
मोठ्याने म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं." पिल्लांनी माना वळवल्या. माझ्याकडे नाही.
दु. खोलीत एकटीने म्हटलेलं तिला पुरणार नाही. असं एकांतातलं 'चुकलं' मी तिला खूपदा ऐकवलंय, आणि बाहेर येऊन पुन्हा हसून मान हलवलीय. सायलीला सांगायला हवं की ते मी केलं नव्हतं. सांगितलं तर ती आधी डॉक्टरकडे नेईल, मग टेम्पो बोलावेल. नाही सांगितलं तर हे पिल्लू संध्याकाळ बघणार नाही.
तिची जेवणाची सुट्टी दोनला. नंबर काढून ठेवलाय. गुलाबी मांडीवर, टॉवेलात. अजून गरम आहे. पावणेदोन.